ट्रॅक्टरच्या शेडचे सपाट छत : दुरुस्त करावे की बदलावे?

मृग नक्षत्र लागले की शेतकऱ्याचे लक्ष आभाळाकडे आणि जमिनीकडे लागते. घराच्या वा शेडच्या छताकडे मात्र ते पहिल्या मोठ्या पावसात, पाणी डोक्यावर ठिबकू लागल्यावरच जाते. त्या वेळी पेरणीची घाई असते, गवंडी हाती लागत नाही आणि ओल्या छतावर कोणतेही काम टिकत नाही. मग ट्रॅक्टरवर ताडपत्री टाकून, खताच्या गोण्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात हलवून पावसाळा कसाबसा काढला जातो आणि दिवाळीनंतर त्या गळतीचा विसर पडतो. अशा रीतीने चार-पाच वर्षे गेली म्हणजे जे काम काही हजारांत झाले असते, ते लाखाच्या घरात जाते.

नागपूरच्या दक्षिणेस मिहान प्रकल्पाच्या परिसरात हा प्रश्न विशेष विचार करण्याजोगा झाला आहे. या प्रकल्पासाठी २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीची स्थापना झाली आणि खापरी, शिवणगाव, तेल्हारा, दहेगाव, कलकुही या बाजूच्या जमिनी संपादित झाल्या. या भागातील जुनी घरे व गोठे कवेलूंचे असत. त्यांचे छप्पर उतरते असल्याने पाणी त्यावर थांबत नसे व फुटलेले कवेलू दर उन्हाळ्यात बदलले की काम भागे. पुढे सिमेंटचे सपाट छत आले. ते मजबूत, चोरापासून सुरक्षित आणि तूर, मिरची वाळविण्यास सोयीचे असते, हे खरे. परंतु त्याची देखभाल कवेलूंच्या छपराहून निराळी आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात आली नाही.

गळतीचे नुकसान केवळ भिंतीच्या रंगाचे नसते. युरिया हवेतील ओल शोषून घेतो व त्याचे ढेकळ बनते. घरी राखलेले सोयाबीनचे बियाणे ओलाव्याने लवकर निकामी होते. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवणशक्ती किमान ७० टक्के असावी लागते. ओल लागलेल्या पोत्यातील बियाणे त्याच्या खाली केव्हा आले हे शेतात तास रिकामे दिसेपर्यंत कळत नाही. सर्वांत मोठा धोका छताचाच. ज्या छताखाली माणसे वावरतात, त्याच्या सळया आतून गंजत असल्या तर तो प्रश्न पैशाचा राहत नाही, जिवाचा होतो.

छत का गळते?

चार मीटर रुंद व सहा मीटर लांब, म्हणजे साधारण १३ फूट बाय २० फुटांची एका ट्रॅक्टरची शेड घेऊ. तिच्या छताचे क्षेत्र २४ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २५८ चौरस फूट होते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. नागपूरला वर्षाकाठी सरासरी १००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अर्थात या लहानशा छतावर दरवर्षी २४ हजार लिटरहून अधिक पाणी उतरते. ते ताबडतोब वाहून गेले तर छतास इजा नाही. थांबले तर ते वाट शोधतेच.

ही वाट बहुधा चार ठिकाणी सापडते. पहिली, छताच्या मधल्या खळग्यात, जेथे उतार नसल्याने पाणी साचते. दुसरी, छत व कठडा यांच्या सांध्यात. तिसरी, पाणी बाहेर टाकणाऱ्या नळाच्या तोंडाशी. चौथी, भेगांतून. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो व छताचा पृष्ठभाग त्याहूनही अधिक तापतो. सहा मीटर लांबीचे काँक्रीट ३० अंशांच्या फरकाने सुमारे दोन मिलिमीटर लांबते व थंड झाल्यावर आखडते. दररोजच्या या ताणाने सांधे सुटतात. त्यात कठड्यावर पिंपळाचे रोप रुजले तर त्याची मुळे भेग आणखी रुंद करतात.

काळ्या जमिनीवरील बांधकामात आणखी एक कारण संभवते. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आखडते. पाया पुरेसा खोल नसेल तर भिंत हलते व तिची भेग छतापर्यंत चढते. भिंतीवर पायऱ्यापायऱ्यांची तिरपी भेग दिसत असेल आणि ती उन्हाळ्यात रुंदावत असेल, तर दोष छताचा नसून पायाचा आहे असे समजावे. अशा ठिकाणी छतावर कितीही खर्च केला तरी तो व्यर्थ जातो. प्रथम पायाचा उपाय करावा व छताचे पाणी पायापासून दूर न्यावे.

तपासणी खालून सुरू करावी

छताची परीक्षा वर चढून नव्हे, तर खाली उभे राहून प्रथम करावी. छताच्या पोटास तांबूस डाग आहेत काय, गिलावा फुगला आहे काय, सळया उघड्या पडल्या आहेत काय, हे पाहावे. गंज हा मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळे सळईखालचे काँक्रीट फुटून पोपडे पडतात. लहान हातोडीने हलके ठोकून पाहिले असता पोकळ आवाज आला, तर तेथील काँक्रीट सळईपासून सुटले आहे हे निश्चित. नंतर एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत छतालगत दोरी ताणून धरावी. मधोमध छत दोरीखाली झोल घेऊन आले असेल, तर त्याखाली ताबडतोब टेकू द्यावेत व माणसांचा वावर बंद करावा.

खालची बाजू निर्दोष असेल तरच पाण्याची परीक्षा घ्यावी. नळांची तोंडे बुजवून छतावर दोन इंच पाणी चोवीस तास उभे ठेवावे व खाली कोठे ओल उमटते त्या जागा कोळशाने खुणावून ठेवाव्यात. ओल जेथे दिसते त्याच्या बरोबर वरच छिद्र असते असे नाही. पाणी कोब्याखालून सरकत दूरवर जाऊन उतरते. तसेच हे पाणी हलके नसते. आपल्या २४ चौरस मीटरच्या छतावर दोन इंच पाण्याचे वजन सुमारे १२०० किलो भरते. म्हणून झोल आलेल्या किंवा सळया उघड्या पडलेल्या छतावर ही परीक्षा कदापि घेऊ नये.

निर्णय कसा करावा?

सळया शाबूत असून केवळ सांधे सुटले असतील, तर भेगा व सांधे भरून वर जलरोधक लेप देणे पुरेसे होते. सळया शाबूत आहेत परंतु उतार नाही व जुना कोबा फुटला आहे, अशा स्थितीत कोबा नवा करावा. पोपडे थोड्याच जागी असतील तर सैल काँक्रीट काढून, सळया तारेच्या ब्रशने स्वच्छ करून व गंजरोधक लावून ते भाग पुन्हा भरता येतात. परंतु सळया बारीक झाल्या असतील, पोपडे सर्वत्र असतील वा छत झुकले असेल, तर वरून केलेला प्रत्येक खर्च वाया जातो. तेथे छत बदलणे हाच मार्ग. शंकेच्या वेळी गवंड्याच्या एकट्याच्या शब्दावर न विसंबता पंचायत समितीच्या बांधकाम विभागातील अभियंत्याचा किंवा अन्य जाणकार अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

येथे एका सर्रास होणाऱ्या चुकीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. छत गळू लागले की जुन्या कोब्यावरच दुसरा कोबा घातला जातो. सरासरी ७५ मिलिमीटर जाडीच्या कोब्याचे वजन आपल्या शेडवर सुमारे साडेतीन टन, म्हणजे दर चौरस मीटरला १५० किलोच्या आसपास होते. माणसे ये-जा करतात अशा छताच्या आराखड्यात वरच्या वावरासाठी साधारण एवढाच भार धरलेला असतो. दुसरा कोबा घातला म्हणजे ही सारी राखीव ताकद तेथेच खर्ची पडते. म्हणून जुना कोबा काढल्याशिवाय नवा घालू नये.

खर्चाचा अंदाज

खालील अंदाज वरील २४ चौरस मीटरच्या छताचा आहे. त्यातील मालाचे प्रमाण कायम मानण्यास हरकत नाही. दर मात्र हिशेबासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपल्या गावचा दर घालावा. सिमेंटवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला असल्याने त्यापूर्वीची दरपत्रके पुन्हा मागवून घ्यावीत.

(अ) जुना कोबा काढून नवा घालणे
सिमेंट १३ गोण्या, दर ३८० रुपये : ४,९४० रुपये
रेती अर्धा ब्रास : ३,५०० रुपये
विटांचे तुकडे, सुमारे ५५० विटांचे : ४,००० रुपये
जलरोधक द्रव्य : ६०० रुपये
पाण्याचे ३ नळ : ९०० रुपये
गवंडी ४ दिवस, दर ९०० रुपये : ३,६०० रुपये
मजूर १२ दिवस (जुना कोबा काढण्यासह), दर ६०० रुपये : ७,२०० रुपये
एकूण : २४,७४० रुपये

(आ) छत पाडून नवा स्लॅब घालणे
जुने छत पाडणे व मलबा हलविणे : १५,५०० रुपये
सिमेंट २४ गोण्या : ९,१२० रुपये
रेती अर्धा ब्रास : ३,५०० रुपये
गिट्टी एक ब्रास : ४,००० रुपये
सळया २४० किलो, दर ६० रुपये : १४,४०० रुपये
सेंटरिंग : १०,३०० रुपये
सळया बांधणे व काँक्रीट घालण्याची मजुरी : १५,००० रुपये
वरचा कोबा, काढण्याची मजुरी वगळून : २२,३४० रुपये
एकूण : ९४,१६० रुपये

हा हिशेब १२५ मिलिमीटर जाडीच्या स्लॅबचा आहे. स्लॅबची खरी जाडी व सळयांचे अंतर अभियंत्याकडून ठरवून घ्यावे.

(इ) छत पाडून उतरते पत्रे घालणे
पाडणे : १५,५०० रुपये
लोखंडी सांगाडा व रंगीत पत्रे, पुढे आलेल्या भागासह ३२३ चौरस फूट, दर १६० रुपये : ५१,६८० रुपये
एकूण : ६७,१८० रुपये

या तीन आकड्यांवरून बोध स्पष्ट होतो. वेळेवर केलेला कोबा नव्या स्लॅबच्या जवळपास चौथ्या हिश्श्यात होतो. छत बदलणे भागच असेल, तर पत्रा स्वस्त पडतो व त्यावर पाणी थांबत नाही. ज्या शेडमध्ये केवळ ट्रॅक्टर व अवजारे ठेवावयाची आहेत, तेथे पत्रा पुरेसा आहे. परंतु पत्र्याखाली उन्हाळ्यात फार उष्णता होते. तेथे बियाणे व कीटकनाशके ठेवू नयेत. छताचा उपयोग धान्य वाळविण्यासाठी होत असेल, तर स्लॅबचा जादा खर्च करण्यात अर्थ आहे. पत्रे घालताना सांगाडा भिंतीत पक्का जखडावा, अन्यथा उन्हाळी वादळात तो उडून शेजाऱ्यास इजा होण्याचा संभव असतो.

काम करून घेताना

पाण्याच्या नळाकडे १०० मध्ये १ हा उतार ठेवावा, म्हणजे चार मीटरला ४० मिलिमीटर. सुतळी व पाणसळ लावून तो स्वतः पाहावा. छत व कठडा यांच्या सांध्यात गोलाईचा वाटा मारून घ्यावा. एक नळ पाचोळ्याने तुंबला तरी पाणी निघून जावे म्हणून नळ एकाहून अधिक असावेत. नव्या स्लॅबच्या सळयांखाली किमान २० मिलिमीटर काँक्रीट राहील असे ठोकळे ठेवावेत. काँक्रीट सहज पसरावे म्हणून त्यात वरून पाणी ओतण्याची सवय घातक आहे; अशाने छत सच्छिद्र होते.

उन्हाळ्यात काँक्रीट सायंकाळी घालावे व दुसऱ्या दिवसापासून कांद्याच्या वाफ्यांसारखे लहान वाफे करून त्यांत पाणी उभे ठेवावे. भारतीय मानक ४५६ (२०००) नुसार उष्ण व कोरड्या हवेत काँक्रीट किमान १० दिवस ओले राखावयाचे असते. राखमिश्रित सिमेंट असल्यास १४ दिवस राखणे श्रेयस्कर. चौदा दिवस होण्यापूर्वी सेंटरिंग काढण्याची घाई करू नये. जुने छत पाडताना प्रथम वीज तोडावी, खाली टेकू द्यावेत आणि खाली कोणासही थांबू देऊ नये.

वर्षातून दोनदा, म्हणजे रोहिणी नक्षत्रापूर्वी व दिवाळीनंतर, छत झाडून नळ मोकळे करावेत व कठड्यावरील रोपे मुळासकट काढावीत. यास अर्धा दिवस लागतो व पैसा लागत नाही. छतावरून उतरणारे स्वच्छ पाणी गाळणखड्ड्यातून विहिरीस दिल्यास तेही सार्थकी लागेल. मात्र हा खड्डा पायापासून दूर असावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी बियाण्याची उगवण तपासणी व खतांचे नियोजन यांसाठी गावात फिरताना शेडच्या छताकडेही एकदा मान वर करून पाहावे. तांबूस डाग दिसल्यास मालकास त्याच दिवशी सांगावे. बांधबंदिस्ती पावसापूर्वी करावयाची असते, हे शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. छताचे कामही त्याच हंगामाचे आहे.