मूठ आपल्या हाताची हवी

दसरा झाला की तेलगाव-धारूर भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एकच कोयता. पण हात दोघांचे वेगळे. म्हणून आम्ही गटातल्या बायका निघण्याआधी आपापला कोयता घरीच नीट करतो.

पात्यावर गंज असेल तर चिंचेचा कोळ लावून तासभर ठेवा. विटेच्या भुकटीनं घासा, धुवा, लगेच पुसून कोरडं करा. दगडावर पाणी टाकून धार लावा. पातं शेवटपर्यंत एकाच कलात धरा. मशीनवर पातं निळं पडेपर्यंत तापलं, तर लोहारानं दिलेलं पाणी उतरतं आणि धार टिकत नाही.

आता मूठ. धरल्यावर अंगठा पहिल्या बोटाच्या टोकावर टेकला पाहिजे. टेकत नसेल तर मूठ जाड आहे. काचकागदानं घासून बारीक करा. नवी मूठ वाळलेल्या बाभळीचीच घ्या. ओलं लाकूड पुढं आकसतं, पातं ढिलं होतं आणि निसटून शेजारणीला लागतं.

शेवटी पात्याला गोडेतेल लावून चिंधी गुंडाळा.

हाताला फोड आले, खाडा पडला, तर पैसे आपलेच कापले जातात. मग मूठही आपल्याच मापाची हवी, नाही का?