सायकलसाठी नंबरचा गॉगल: आधी नंबर, मग आकार, रंग शेवटी

उल्हासनगरहून अंबरनाथमार्गे बदलापूरकडे सायकल निघाली की तोंड आग्नेयेला असते. डिसेंबरात आपल्या अक्षांशावर सूर्य पूर्वेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला उगवतो आणि वर चढताना आणखी दक्षिणेकडे सरकतो. त्यामुळे हिवाळ्यात, म्हणजे सायकल चालवायच्या सर्वांत चांगल्या दिवसांत, सकाळचे पहिले दोन तास ऊन थेट डोळ्यांत येते. बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणारे पूर्वेला निघतात, त्यांना हा सूर्य वर्षभर समोर भेटतो. संध्याकाळी बारवीहून परतणाऱ्याला किंवा बदलापूरहून काटईकडे जाणाऱ्याला मावळतीचे ऊन समोरून येते. आडव्या उन्हात रस्त्यावरचा खड्डा, सांडलेली खडी, काँक्रीट आणि डांबराच्या सांध्यावरचा उंचवटा हे सगळे एकाच पांढुरक्या पडद्याआड जाते. अशा वेळी चष्मा असलेल्या माणसाच्या मनात नंबरचा गॉगल करून घ्यावा असे येते, आणि तो दुकानात जाऊन पहिला प्रश्न विचारतो तो रंगाचा. मग फ्रेमचा आकार पाहतो, आणि नंबर तर जुन्या कागदावर असतोच. माझे म्हणणे असे की हा क्रम पूर्ण उलटा हवा. सायकलसाठी गॉगल घेताना सर्वांत आधी नंबर, त्यानंतर फ्रेमचा आकार आणि सर्वांत शेवटी काचेचा काळेपणा पाहावा.

काळेपणा शेवटी का, ते आधी पाहू. रंगीत काच प्रकाश कमी करते, पण तो सगळीकडून सारखाच कमी करते. शंभरातला पंधरा भाग प्रकाश आत सोडणारी काच सूर्याचाही पंधरा भाग सोडते आणि खड्ड्याच्या कडेचाही पंधराच. रस्ता ओळखू येतो तो उजेड आणि सावली यांच्यातल्या फरकावरून, आणि हा फरक काळ्या काचेने वाढत नाही. समोरच्या सूर्याचा प्रकाश डोळ्यात आणि काचेवर विखुरतो आणि त्याचा एक धूसर थर चित्रावर पसरतो. तो थर आणि चित्र दोन्ही एकाच प्रमाणात अंधारतात. डोळ्यांना बरे वाटते, ताण हलका होतो, हे खरे आहे आणि त्याची किंमत आहे. पण बरे वाटणे आणि नीट दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात सुमारे सात मीटर पुढे जाते. खड्डा एक सेकंद उशिरा दिसला तर तो चुकवायला जागाच उरत नाही.

तो धूसर थर कमी करायचा तर कारणे जिथे आहेत तिथे हात घालावा लागतो. पहिले कारण काचेवरची धूळ आणि चरे. आपल्या पट्ट्यात ट्रकची वर्दळ आहे, औद्योगिक वसाहतींचे रस्ते आहेत आणि कुठे ना कुठे खोदकाम चालूच असते. धुळीने भरलेली काच शर्टाच्या टोकाने पुसली की तीच धूळ काचेवर बारीक चरे ओढते, आणि समोरून आडवे ऊन आले की प्रत्येक चरा पेटल्यासारखा चमकतो. काच आधी पाण्याने धुवावी, मग पुसावी. दुसरे, सूर्य अडवण्याचे काम काचेपेक्षा टोपीची झाप जास्त चांगले करते. हेल्मेटखाली घालायची झापेची पातळ टोपी सूर्य झाकते आणि रस्ता मोकळा ठेवते, जे कोणतीही काच करू शकत नाही. मान थोडी खाली केली की काम झाले. गॉगल घेण्याआधी ही टोपी घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. तिसरे, सकाळीच परतताना सूर्य पाठीमागे असतो आणि काचेच्या आतल्या बाजूवर आपटून डोळ्यात येतो. गडद काचेत हे प्रतिबिंब अधिकच खुपते. म्हणून परावर्तन रोखणारे कोटिंग काचेच्या आतल्या बाजूला असलेच पाहिजे. पुष्कळदा बाहेरच्या आरशासारख्या झळाळीला पैसे मोजले जातात आणि हे राहून जाते.

आता नंबर. मायनस दोनचा नंबर असलेल्या माणसाला चष्म्याशिवाय अर्ध्या मीटरपलीकडचे स्पष्ट दिसत नाही. मायनस तीन असेल तर हीच मर्यादा सुमारे ३३ सेंटिमीटरवर येते. तरीही साधा, बिननंबरी काळा गॉगल लावून सायकल हाकणारे पुष्कळ आहेत, कारण रस्ता पाठ आहे आणि गाड्या ओळखू येतात. पाठ नसतो तो कालच्या पावसाने पडलेला खड्डा. अर्ध्या नंबरवाल्याचे चालून जाईल. एकच्या पुढे ज्याचा नंबर आहे त्याने बिननंबरी गॉगलचा विचार सोडून द्यावा. गॉगलसाठी नंबर नव्याने तपासून घ्यावा, सिलिंड्रिकल नंबर कितीही लहान असला तरी तो गाळू नये आणि दोन बाहुल्यांमधले अंतर, ज्याला चष्मेवाले पीडी म्हणतात, ते दोन्ही डोळ्यांचे वेगवेगळे मोजून घ्यावे.

आकाराचा प्रश्न इथूनच सुरू होतो, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. सायकलपटूंचा गॉगल म्हटला की कानापर्यंत वळलेली, चेहऱ्याला बिलगणारी फ्रेम डोळ्यांसमोर येते. बिननंबरी काचेला ती छान आहे. नंबरच्या काचेचे गणित मात्र तिरकेपणाने बिघडते. मायनस चारची काच डोळ्यासमोर २० अंश तिरकी बसवली की तिचा प्रत्यक्ष परिणाम मायनस सव्वाचारच्या जवळ जातो आणि वर सुमारे अर्ध्याचा सिलिंड्रिकल नंबर आपोआप तयार होतो, जो डॉक्टरांनी कधी दिलेलाच नसतो. नंबर मायनस दोन असेल तर हा फुकटचा सिलिंडर पावाच्या आसपास असतो, म्हणजे बऱ्याच जणांना खपून जाणारा. तिरकेपणा १० अंशांचा असेल तर मायनस चारलाही तो पावाच्या निम्म्यावर येतो. याखेरीज रुंद फ्रेममध्ये काचेचा मध्य बाहुलीसमोर आणायला काच नाकाकडे बरीच सरकवावी लागते. ते करायचे राहिले तर मायनस चारच्या काचेत पाच मिलिमीटरच्या चुकीला दोन प्रिझमचा ताण पडतो. डोळे दुखतात आणि अंतराचा अंदाज चुकल्यासारखा वाटतो, आणि दोष मात्र नव्या गॉगलची सवय नसण्यावर ढकलला जातो.

यावर चांगल्या दुकानातून एक रास्त उत्तर मिळेल, की कंपन्या आता फ्रेमचा वळणाचा कोन धरून नंबर बदलून काच घासतात. हे खरे आहे. अशा काचेच्या पाकिटावर डॉक्टरांच्या कागदापेक्षा थोडा वेगळा नंबर लिहिलेला असतो आणि दुकानातल्या लेन्सोमीटरवर तोच वेगळा नंबर दिसायला हवा. मात्र ही दुरुस्ती काचेच्या मध्याला पक्की असते. कडेला चित्र ताणलेले राहतेच आणि मायनस काचेची जाड कड लपत नाही. ज्याचा नंबर तीन-चारच्या आत आहे आणि जो दर रविवारी कर्जतपर्यंत जाऊन येतो त्याने हवी तर अशी काच करून घ्यावी. त्याहून मोठ्या नंबरला मी वळलेली फ्रेम सुचवणार नाही. आकाराने लहान, किंचितच वळलेली, नाकावर घट्ट बसणारी आणि वरची कड भुवईपर्यंत जाणारी फ्रेम घ्यावी. वरच्या कडेचा आग्रह अशासाठी की हँडलवर वाकलेला माणूस काचेच्या वरच्या भागातून पुढचा रस्ता पाहतो. दुकानात ताठ बसून खूण केलेला मध्य सायकलवर खाली राहतो. म्हणून खूण करून घेताना सायकलवर बसतो तसे वाकून दाखवावे, हेल्मेटही सोबत न्यावे. दांड्या हेल्मेटच्या पट्ट्याखाली खुपतात का हेही तिथेच कळते.

सपाट फ्रेमच्या कडेने वारा आणि धूळ आत येते, हा आक्षेप मला मान्य आहे. आपल्याकडे तो किरकोळही नाही. उतारावर डोळ्यांतून पाणी येते आणि कण गेला तर सायकल थांबवावी लागते. पण चेहऱ्याला पूर्ण बिलगणाऱ्या गॉगलचेही एक दुखणे आहे. उकाड्यात चढावर वेग मंदावला की आत घामाची वाफ धरते आणि पावसाळ्यात ती जातच नाही. फार मोठा नंबर असलेल्यांना दोन वाटा आहेत. बिननंबरी गॉगलच्या आत नंबरची छोटी जोडकाच बसवता येते. तिने बाहेरची काच ऋतूप्रमाणे बदलता येते, पण काचांची संख्या दुप्पट झाल्याने धुके आणि धूळ दोन्ही वाढतात. दुसरी वाट कॉन्टॅक्ट लेन्सची. मायनस सहाच्या पुढे दृष्टीच्या दर्जाने तिला तोड नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. तरी अंबरनाथजवळच्या आनंदनगरच्या औद्योगिक भागातून रोज जाणाऱ्याने लेन्सखाली धुळीचा कण अडकला तर काय करायचे याचा विचार आधी करावा. सोबत साधा चष्मा ठेवावा आणि लेन्सवर गॉगल नसताना सायकलवर बसू नये.

चाळिशी लागलेल्यांचा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याकडे दुकानात फारसे लक्ष दिले जात नाही. बायफोकलचा वाचायचा भाग काचेच्या तळाशी असतो, आणि पुढच्या चाकापासून दोन-तीन मीटरवरचा खड्डा पाहताना नजर नेमकी तळाशी जाते. वाचायचा भाग त्या अंतराला धूसर दाखवतो. प्रोग्रेसिव्ह काचेतही हा त्रास कमी-अधिक असतोच. सायकलच्या गॉगलमध्ये फक्त लांबचा नंबर घालावा. हँडलवरच्या मोबाइलचा नकाशा वाचायचा असेल तर थांबून वाचावा, तसाही तो थांबूनच वाचायला हवा.

आता काचेचा पदार्थ आणि रंग. सायकलसाठी पॉलीकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्सच घ्यावे, कारण ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या खड्याने ही काच सहजी फुटत नाही. खऱ्या काचेचा गॉगल सायकलवर नकोच. पॉलीकार्बोनेट बहुतेक सगळे अतिनील किरण रंगाशिवायच अडवते. एप्रिल-मेच्या भर दुपारी निरभ्र आकाश असेल तर आपल्याकडे अतिनील निर्देशांक ११च्या वर जातो, जी जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीतली सर्वांत वरची पायरी आहे, आणि मेच्या मध्याला सूर्य आपल्या थेट डोक्यावरून जातो. बुबुळावर मांस वाढणे आणि मोतीबिंदू यांचा या किरणांशी संबंध आहे. तेव्हा संरक्षण हवेच, पण ते काळेपणातून मिळत नाही. स्टेशनबाहेर मिळणाऱ्या स्वस्त गॉगलची काच कितीही गडद असली तरी त्यावरून अतिनील किरणांबद्दल काहीच कळत नाही. ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडतात, हे लेखी असावे.

काळेपणाच्या आंतरराष्ट्रीय प्रतवारीत तिसरी प्रत ८ ते १८ टक्के प्रकाश सोडते, दुसरी १८ ते ४३ टक्के. समुद्रकिनाऱ्यावर तिसरी ठीक. बारवीच्या रस्त्यावर झाडांची सावली आणि ऊन आळीपाळीने येते. पश्चिमेला चंदेरी आणि मलंगगडाची रांग असल्याने सूर्य डोंगराआड गेला की रस्ता लवकर अंधारतो. अशा ठिकाणी दुसऱ्या प्रतीची तपकिरी काच मला योग्य वाटते. तपकिरी छटा निळा प्रकाश थोडा कापते, त्याने डांबरावरची खडी उठून दिसते, आणि सिग्नलचे रंगही नीट ओळखू येतात. गडद निळी किंवा पिवळी काच नको.

उन्हात आपोआप गडद होणाऱ्या फोटोक्रोमिक काचेची शिफारस हल्ली सरसकट केली जाते. गाडीची पुढची काच बरेचसे अतिनील किरण अडवते, म्हणून ही काच गाडीत नीट गडद होत नाही. सायकलवर ही अडचण नाही. पण तिच्या दोन मर्यादा ठाऊक असाव्यात. कडक उकाड्यात ती हिवाळ्याइतकी गडद होत नाही. आणि सूर्य क्षितिजाजवळ असताना अतिनील किरण इतके कमी असतात की ती जवळजवळ पांढरीच राहते, म्हणजे समोरचे आडवे ऊन सर्वांत जास्त त्रास देते तेव्हाच. तरीही ती घेण्यासारखी आहे, कारण पहाटे निघून ऊन चढल्यावर परतणाऱ्याला एकाच काचेत सगळे मिळते, आणि आडव्या उन्हासाठी टोपीची झाप आहेच. पोलराइज्ड काचेबद्दल मात्र मी सावध राहीन. ती ओल्या रस्त्यावरची चकाकी घालवते, आणि सायकलवाल्याला पाण्याचा थर किंवा सांडलेले तेल त्या चकाकीवरूनच कळते. जून ते सप्टेंबर ही खूण हातची घालवू नये. शिवाय काही कोनांतून मोबाइलचा पडदाही काळा दिसतो.

खर्चाचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. अंबरनाथच्या कारखान्यात सायकलने जाणाऱ्या माणसाने दुसरा चष्मा का करावा? माझे उत्तर असे, की त्याने तो केलाच पाहिजे असे नाही. रोजच्या चष्म्यालाच पुढच्या वेळी पॉलीकार्बोनेटची पारदर्शक काच बसवली आणि डोक्यावर झापेची टोपी घातली, तर अतिनील किरण, खडे आणि समोरचा सूर्य या तिन्हींची बरीचशी सोय होते, आणि पाळी संपवून रात्री परततानाही तोच चष्मा चालतो, जो रंगीत गॉगलने कधीच जमणार नाही. ज्याला वेगळा गॉगल हवा आहे त्याने नवी फ्रेम घेण्याआधी घरातली जुनी, मजबूत फ्रेम चष्मेवाल्याकडे न्यावी आणि तिच्यात काच बसवता येईल का विचारावे. साध्या प्लास्टिकच्या काचेला रंग सहज चढतो, पॉलीकार्बोनेटला चढवणे जड जाते, म्हणून तिथे तयार रंगीत किंवा फोटोक्रोमिक काच मागावी. फ्रेमच्या नावावर वाचलेले पैसे आतल्या कोटिंगला आणि नव्याने केलेल्या तपासणीला जाऊ द्यावेत. गॉगल हातात आला की तिथेच तो लेन्सोमीटरवर ठेवायला सांगून नंबर आणि काचेचा मध्य कागदाशी ताडून घ्यावा. मग दुकानाबाहेर उन्हात येऊन, वाकून, रस्त्यावरची खडी किती लांबून वेगळी दिसते ते पाहावे. जुन्या चष्म्यापेक्षा ती जवळ आल्यावरच दिसत असेल, तर गॉगल कितीही देखणा असो, तो परत करावा.