उलटंही फिरणारं इंजिन

ट्रॅक्टर सुरू करायचा तर आधी स्टिअरिंगच दांड्यासकट उपसून काढायचं, आणि तो दांडा बाजूच्या फ्लायव्हीलमध्ये खुपसायचा. लान्झ बुलडॉगच्या बऱ्याच मॉडेलांची ही रोजची सकाळ. त्याआधी नाकाखाली ब्लो लँप भरभरत ठेवायचा, इंजिनाचं लोखंडी डोकं लालबुंद होईपर्यंत. मग चाक मागे-पुढे हेलकावत दट्ट्याला दाबावर आणायचं. एकदा ‘धप्’ झालं की स्टिअरिंग झटकन बाहेर! रेंगाळलात तर मनगट गेलंच म्हणून समजा.

जर्मनीत मानहाइमच्या लान्झ कारखान्यात फ्रिट्झ हुबर या इंजिनिअरने 1921 मध्ये हा ट्रॅक्टर आणला. एकच आडवा सिलिंडर, टू-स्ट्रोक, ताकद 12 अश्वशक्ती. ना कार्बुरेटर, ना स्पार्क प्लग. तापलेल्या डोक्यात तेलाची फवार गेली की ते आपसूक पेटायचं. त्यामुळे तेलाचे चोचले नव्हते. स्वस्तातलं जाड, काळं तेलही चालायचं. पुढच्या मोठ्या मॉडेलांत तो एकटा सिलिंडर 10.3 लिटरचा झाला. दट्ट्याचा व्यास 225 मिलिमीटर, म्हणजे जेवणाच्या ताटलीएवढा. रिकामा उभा असतानाही अख्खा ट्रॅक्टर जागच्या जागी उड्या मारायचा.

खरी गंमत रिव्हर्सची. पहिल्या मॉडेलला रिव्हर्स गिअरच नव्हता. मागे जायचं तर इंजिनच उलटं फिरवायचं! वेग इतका उतरवायचा की ते आता बंद पडतंय असं वाटावं. दट्ट्या वर चढता चढता अडखळला की नेमकं तेल द्यायचं; स्फोट त्याला आल्या वाटेने परत ढकलतो आणि फ्लायव्हील उलटं फिरू लागतं. टू-स्ट्रोकला दोन्ही दिशा सारख्याच. मला ही हुबरची कमाल वाटते: एक गिअर वाचवला आणि त्याचं काम चालवणाऱ्याच्या कानावर सोपवलं. कान चुकला की पंचाईत. चढावर इंजिन दमून आपणहून उलटलं, तर पुढच्या गिअरमधला ट्रॅक्टर मागे निघायचा. विहिरीवरच्या इंजिनाला हँडल मारताना उलटा झटका खाल्लेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

पोलंडमध्ये त्याची नक्कल ‘उर्सुस सी-45’ नावाने निघाली. 1956 मध्ये जॉन डियरने लान्झचा कारखाना घेतला आणि थोड्याच वर्षांत बुलडॉग बंद झाला. पण आपल्याकडे कुठलंही वनस्पती तूप ‘डालडा’च, तसा बव्हेरियातल्या शेतकऱ्याला कुठलाही ट्रॅक्टर बुलडॉगच; मग तो हिरवा जॉन डियर का असेना.