देऊळ फिरले, आपण फिरलो का?

माघ वद्य चतुर्दशी जवळ आली, की मराठवाड्यातल्या वाटा औंढ्याकडे वळू लागतात. हिंगोलीहून, परभणीहून, जिंतूरहून माणसांची रीघ लागते. ओच्यात बेलाची पाने घेतलेल्या आयाबाया, खांद्यावर नातू बसवलेले आजोबा, अनवाणी चालणारी तरुण मंडळी, सर्वांच्या मुखी नागनाथाचे नाव. या क्षेत्राचे माहात्म्य भाविक वाचकांना आम्ही नव्याने सांगावे असे नाही. आजच्या पुण्यपर्वावर आम्ही वाचकांना नागनाथाच्या मंदिराकडे नेणार आहोत. मात्र पुढच्या दाराशी न थांबता मंदिराच्या मागच्या बाजूला नेणार आहोत. या मंदिराच्या इतिहासाचे एक पान तिथे उघडते, आणि ते आपल्या प्रत्येकाच्या उंबरठ्याशी येऊन थांबते.

आमची वाट निघाली सिद्धेश्वराहून. अजिंठ्याच्या डोंगररांगांत उगम पावलेली पूर्णा गोदावरीच्या ओढीने निघते, तेव्हा तिला आधी येलदरीचे धरण अडवते आणि त्याच्या खालच्या अंगाला सिद्धेश्वराचे. ही दोन्ही धरणे १९६८ साली पूर्ण झाली. सिद्धेश्वरचा मातीचा बांध सहा किलोमीटरहून अधिक लांब आहे. त्या बांधावर उभे राहून पाहिले, की एका बाजूला अथांग जलाशय दिसतो आणि दुसऱ्या बाजूला कालव्याच्या पाण्यावर पोसलेली हिरवी शिवारे. ज्या गावाच्या नावातच ईश्वर आहे, त्या गावाने आपली भूमी पाण्याला दिली आणि ते पाणी दूरवरच्या अनोळखी शेतकऱ्याच्या दारी गेले. शेत कोणाचे, हे पाणी विचारीत नाही. मनात हा विचार घेऊनच आम्ही औंढ्याला पोहोचलो.

औंढ्याचे मंदिर पाहताना त्याच्या भिंतीच त्याची बखर सांगू लागतात. खालचा भाग घडीव दगडाचा आहे. यादवकालीन शिल्पशैलीची साक्ष देणाऱ्या त्या भागात कोनाकोनांनी बाहेर आलेल्या भिंती, एकावर एक चढत गेलेले नक्षीचे थर आणि त्यांतून प्रकट होणाऱ्या देवदेवतांच्या मूर्ती दिसतात. अशा बांधणीला आपण हेमाडपंती म्हणतो. महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या पदरी असलेल्या हेमाद्रीच्या, म्हणजे हेमाडपंताच्या, नावावरून हा शब्द रूढ झाला. लोकश्रद्धा मात्र याहून मागे जाते आणि मूळ मंदिर वनवासातल्या पांडवांनी उभारले असे सांगते. वरचा भाग वेगळ्या हाताचा आणि उत्तरकालीन आहे, हे पाहताक्षणी कळते. आक्रमणात मंदिर भंगले आणि पुढे पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला, असे परंपरा सांगते. भंगणे आणि पुन्हा उभे राहणे, दोन्ही एकाच भिंतीवर वाचता येते.

नागनाथाचे स्थान गाभाऱ्यात जमिनीच्या पातळीखाली आहे. अरुंद वाटेने, जपून पाऊल टाकीत, अंग चोरून खाली उतरावे लागते. तिथे पंडित असो, सावकार असो, अधिकारी असो वा मजूर, मान ताठ ठेवून कोणालाही जाता येत नाही. बारा ज्योतिर्लिंगांपैकी नागेश ते हेच, अशी आपली श्रद्धा. गुजरातेत द्वारकेजवळचे आणि उत्तराखंडातले जागेश्वर येथील भाविकही तोच मान आपापल्या देवाला देतात. त्या वादात आम्ही पडत नाही. इतक्या दूरदूरच्या लोकांना एकच देव आपल्या गावचा वाटावा, यात आम्हाला तरी आनंदच आहे.

दर्शन घेऊन बाहेर आलेला नवखा यात्रेकरू हमखास विचारतो, "नंदी कुठे आहे?" शिवालयात नंदी देवासमोर असायचा, हे लहान मुलालाही ठाऊक असते. औंढ्यात तो मंदिराच्या मागच्या बाजूस आहे. कारण विचारावे, तर कोणीही वृद्ध माणूस हात जोडून कथा सांगू लागतो.

नामदेव महाराज संतमेळ्यासह औंढ्यास आले आणि नागनाथासमोर कीर्तनास उभे राहिले. शिंप्याच्या कुळातला हा भक्त आणि त्याच्याभोवती जमलेला अठरापगड जातींचा समुदाय देवद्वारी उभा, हे काही कर्मठांना रुचले नाही. "तुमचे कीर्तन देवळामागे जाऊन करा," अशी त्यांना आज्ञा झाली. नामदेवांनी वाद घातला नाही. टाळ-वीणा घेऊन ते मागे गेले आणि तिथेच पांडुरंगाला आळवू लागले. तेव्हा देवालाच राहवेना. अवघे देऊळ फिरले आणि देव भक्ताच्या सन्मुख झाला. नंदी मात्र आपल्या जागी राहिला, म्हणून तो आज मागे दिसतो.

ही कथा केवळ आजीच्या तोंडची आहे, असे मात्र कोणी समजू नये. १६०४ साली सिद्ध झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात नामदेवांच्या नावावर एकसष्ट पदे आहेत. त्यांतल्या पदांत हाच प्रसंग येतो: हीन जातीचा म्हणून देवळातून उठवलेला नामा, मागे जाऊन बसलेला, आणि त्याच्याकडे फिरलेले देऊळ. तिथे गावाचे नाव नाही. महाराष्ट्राच्या परंपरेने ते गाव औंढा मानले. हिंगोलीजवळच्या नरसीत जन्मलेल्या संताची ही व्यथा पंजाबात चार शतकांहून अधिक काळ श्रद्धेने गायिली जात आहे.

इतिहासाचा अभ्यासक म्हणेल, मंदिर भंगले, पुन्हा बांधले गेले, त्या उलथापालथीत नंदीची जागा बदलली असेल. असेलही. आम्ही त्या अभ्यासकाचाही आदर करतो. परंतु दगड कसे हलले याचा निर्णय काहीही लागो, लोकांनी ही कथा शतकानुशतके का जपली, हा प्रश्न उरतोच. ज्यांना मागे पाठवले, त्यांना देव कोणाच्या बाजूचा आहे हे या कथेने सांगितले. मंदिर कोणी बांधले याची नोंद शिलालेखात आणि सनदांत सापडते. मंदिराबाहेर कोणाला ठेवले याची नोंद बहुधा अशा कथेतच राहते.

हा अनुभव आपल्याच मातीचा आहे असेही नाही. इंग्लंडात जॉन वेस्ली नावाचा धर्मोपदेशक होऊन गेला. त्याचा उपदेश न रुचल्याने चर्चची दारे त्याला बंद होऊ लागली, तेव्हा १७३९ साली तो ब्रिस्टल शहराजवळ उघड्या रानात कोळशाच्या खाणीतल्या मजुरांसमोर उभा राहिला. १७४२ मध्ये त्याच्या जन्मगावीही चर्चमध्ये बोलण्यास मनाई झाली. तो मागे फिरला आणि चर्चच्या आवारातल्या आपल्या वडिलांच्या समाधीशिळेवर उभा राहून बोलू लागला. ऐकायला सारा गाव लोटला. त्याच्या अनुयायांना मेथडिस्ट म्हणतात. त्यांनी पुढे गावोगाव साधी प्रार्थनागृहे बांधली. त्यांना चॅपेल असे नाव होते. मोठ्या चर्चमध्ये ज्यांना मानाची जागा नव्हती, ते कष्टकरी त्या साध्या बाकांवर बसून मोठ्याने भजने म्हणत. आमच्या वारकरी वाचकांना ही गोष्ट परकी वाटू नये.

परंतु याच पंथाची दुसरी गोष्टही सांगितलीच पाहिजे. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील मेथडिस्ट चर्चमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस कृष्णवर्णीय भाविक गुडघे टेकून प्रार्थना करीत असता त्यांना ओढून उठवण्यात आले. कारण ती जागा गोऱ्यांसाठी होती. ते उठले आणि निघून गेले. रिचर्ड ॲलन या पूर्वी गुलाम असलेल्या उपदेशकाने त्यांच्यासाठी १७९४ साली एका जुन्या लोहारशाळेत बेथेल नावाचे प्रार्थनामंदिर सुरू केले. ज्यांच्या गुरूला दाराबाहेर उभे राहावे लागले होते, त्यांनीच अर्ध्या शतकात दुसऱ्याला दाराबाहेर घालवले.

हा पंथ आपल्या मुंबईतही आला. विल्यम टेलर हा अमेरिकन उपदेशक १८७१ साली मुंबईत उतरला. त्याच्या सभा प्रथम लोकांच्या घरांतच भरत. १८७२ मध्ये तिथे मेथडिस्ट मंडळी स्थापन झाली. १८४८ पासून मुंबईत राहणारा, वेतन सोडून अत्यंत साधेपणाने जगणारा जॉर्ज बोवेन त्यांना येऊन मिळाला. कुलाब्याचे बोवेन स्मारक चर्च त्याच्याच नावाचे. घरातल्या बैठकीतून देवघर, देवघरातून मंदिर, ही वाट सर्व धर्मांत सारखीच दिसते. मंदिर उभे राहिल्यावर दाराशी कोण उभे राहते आणि कोणाला थांबवते, ही कसोटीही सर्वांना सारखीच.

आपल्या घरचा हिशेब तर फार मोठा आहे. चोखामेळ्यासारख्या संताला पंढरीच्या मंदिरात प्रवेश नव्हता. मंगळवेढ्यास भिंत कोसळून त्यांचा अंत झाला, तेव्हा त्यांच्या अस्थी पंढरीस आणल्या त्या नामदेवांनीच, आणि समाधी झाली महाद्वारासमोर, बाहेर. औंढ्यास मागे पाठवलेला भक्त चोखोबांना विसरला नाही. नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. तो वर्षानुवर्षे चालला, तरी दार उघडले नाही. पंढरीचे दार अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी उघडले ते मे १९४७ मध्ये, साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केले तेव्हा. चोखोबांनंतर सहा शतके लोटली होती.

हे लिहिताना आमच्या लहानपणीची एक महाशिवरात्र आठवते. गावच्या महादेवाच्या देवळात दुसऱ्या दिवशी पारण्याचा प्रसाद वाटला जाई. आम्हा मुलांच्या ओंजळीत तो अलगद ठेवीत. पायरीखाली काही माणसे पदर आणि उपरणी पसरून उभी असत. त्यांच्या पदरात तो वरून टाकीत. आमच्याच वयाचा एक मुलगा खाली सांडलेला दाणान्‌ दाणा मातीतून वेचून कपाळाला लावत होता. आम्ही ते पाहिले आणि ओंजळीतला प्रसाद खाऊन टाकला. कोणी आम्हाला दोष दिला नाही, कारण तशीच रीत होती. आज इतक्या वर्षांनी औंढ्याच्या नंदीजवळ उभे असता तो मुलगा डोळ्यांपुढे आला. त्या दिवशी आमच्या देवळातले दैवत कोणाकडे तोंड करून बसले होते, याचे उत्तर आम्हाला तिथे मिळाले.

आता कायद्याने सारी दारे उघडी आहेत. पण पायरी केवळ देवळालाच असते असे नाही. ती आपल्या ओसरीला असते, स्वयंपाकघराला असते, वेगळ्या ठेवलेल्या पेल्यालाही असते. उद्या उपवासाचे पारणे सोडताना घरात ताटे किती आणि कशी मांडली जातात, हे प्रत्येक गृहिणीने आणि गृहस्थाने एकवार पाहावे. दारी राबणाऱ्या माणसाच्या हातावर प्रसाद ठेवताना आपला हात त्याच्या हाताला लागला, तर तेवढीही पूजा नागनाथ स्वीकारील, अशी आमची श्रद्धा आहे.

औंढ्यास जाल तेव्हा गाभाऱ्यात वाकून उतरा, बेल वाहा, आणि मग मंदिराच्या मागे जाऊन नंदीपाशी क्षणभर थांबा. नामदेव महाराजांच्या कीर्तनाचा मेळा तिथे उभा होता. भक्तासाठी देवाने अवघे देऊळ फिरवले, असे आपण अभिमानाने सांगतो. आपल्याला तर केवळ मान वळवून मागे कोण उभे आहे, एवढेच पाहायचे आहे.