वर्षाची बेगमी

पावसाळ्यातील एक संध्याकाळ. कोल्हापूर जिल्ह्यातील एका खेड्यात दोन दिवस पावसाची झड लागली आहे. पंचगंगेचे पाणी पात्राबाहेर पसरले आहे आणि आठवड्याचा बाजार भरलेला नाही. अशा वेळी दारात मामा भिजून उभे राहतात. एस. टी. पुढे जात नाही, म्हणून ते बहिणीकडे मुक्कामाला आले आहेत.

"आक्का, आता उशिरा काही खटाटोप करू नकोस," मामा म्हणतात.

"अरे, खटाटोप कसला? तो तर उन्हाळ्यातच करून ठेवला आहे!" आक्का हसून उत्तर देते.

घरात हिरवी भाजी नाही. तरीही तासाभराच्या आत मामांपुढे ताट येते. ताटात गरम भाकरी आहे, वाटीत बटाट्याचा लालभडक रस्सा आहे, आणि शेवटी गोड म्हणून शेवया व गुळवणी आहे. हे जेवण इतक्या लवकर कसे तयार झाले? त्याचे रहस्य घरातील चटणीच्या बरणीत, शेवयांच्या डब्यात आणि गुळाच्या ढेपेत आहे.

कोल्हापूरकडे 'चटणी' म्हटले की बहुधा कांदा-लसणाचा लाल मसालाच समजला जातो. उन्हाळा आला की घरोघरी तिची तयारी सुरू होते. वाळलेल्या मिरच्या निवडून कडकडीत उन्हात तापवतात. ब्याडगी मिरची रंगासाठी, तर संकेश्वरी आणि लवंगी मिरची तिखटपणासाठी घेतात. धने, जिरे, तीळ, खोबरे, लवंग, दालचिनी इत्यादी जिन्नस वेगवेगळे भाजतात. कांदा उभा चिरून वाळवतात व तेलात तांबूस तळतात. मग लसूण, आले, कोथिंबीर आणि मीठ घालून सर्व एकत्र कुटतात. पूर्वी हे काम घरच्या उखळात होत असे. आता बहुतेक लोक मिरची डंकावर नेतात. तेथे मिरचीची धूळ उडते, डोळे चुरचुरतात, शिंकांवर शिंका येतात. तयार चटणी बरणीत दाबून भरतात आणि वर हिंगाचे खडे ठेवतात.

शेवयांचे कामही असेच कष्टाचे. गव्हाच्या पिठाची घट्ट कणीक पुष्कळ वेळ मळावी लागते. पूर्वी पाटावर हाताने वळून शेवया केल्या जात. पुढे त्यासाठी यंत्रे आली. लांब शेवया काठीवर टाकून सुकवतात. हे काम एकटीने होण्याजोगे नाही. म्हणून शेजारच्या बायका आज एकीच्या घरी, तर उद्या दुसरीच्या घरी जमतात आणि बोलता बोलता सगळ्यांच्या घरच्या शेवया होतात.

गूळ मात्र गुऱ्हाळातून येतो. उसाच्या रसात सुमारे चार-पंचमांश पाणीच असते. हा रस मोठ्या काहिलीत उकळून आटवतात. त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. त्यामुळे मळी वर येते व ती काढून टाकता येते. रस केव्हा उतरवायचा हे अनुभवी गुळव्या नुसत्या नजरेने आणि बोटांनी ओळखतो. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही पेठ वसवून गुळाच्या व्यापाराला उत्तेजन दिले. पुढे कोल्हापूरचा गूळ दूरवर प्रसिद्ध झाला आणि २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

हे पदार्थ महिनोन्‌महिने टिकतात, याचे कारण काय? अन्न नासवणाऱ्या बुरशीला आणि सूक्ष्म जंतूंना वाढण्यासाठी पाणी लागते. चटणीतील व शेवयांतील पाणी उन्हाने आणि भाजण्याने नाहीसे केलेले असते. गुळात साखर इतकी दाट असते की उरलेले थोडे पाणीही जंतूंच्या उपयोगी पडत नाही. म्हणूनच बरणीत कधी ओला चमचा घालू नये, असे घरातील वडीलधारी माणसे सांगतात. पावसाळ्यात गूळ हवेतील ओल शोषून पाझरू लागतो, म्हणून तो झाकून कोरड्या जागी ठेवतात.

आता आक्काने रस्सा कसा केला ते पाहू. तिने कढईत तेल तापवले, त्यात चिरलेला कांदा परतला आणि आच मंद करून दोन चमचे चटणी घातली. आच मोठी असती, तर चटणी करपून कडू झाली असती. नंतर बटाट्याच्या फोडी, गरम पाणी, शेंगदाण्याचे कूट आणि चवीपुरते मीठ घालून रस्सा उकळला. फोडी शिजल्या, की रस्सा तयार! त्याच्यावर लाल तवंग आला. मिरचीचा रंग आणि तिखटपणा पाण्यात नव्हे, तर तेलात विरघळतो. आणि तेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे वर तरंगते. तोंड भाजले असता पाण्यापेक्षा दुधाचा घोट अधिक गुणकारी ठरतो, त्याचे कारणही हेच आहे.

गुळवणी त्याहूनही सोपी. एक वाटी चिरलेला गूळ दोन वाट्या पाण्यात उकळून गाळून घेतला, त्यात वेलदोड्याची पूड आणि चिमूटभर सुंठ घातली, की झाले. शेवया उकळत्या पाण्यात थोडा वेळ शिजवून निथळल्या आणि त्यांवर गुळवणी व तूप वाढले. हे दोन्ही पदार्थ बारा-तेरा वर्षांची मुलेही करू शकतील. मात्र चुलीजवळ किंवा शेगडीजवळ मोठे माणूस असले पाहिजे.

या कोल्हापुरी रश्श्यातील मिरची आणि बटाटा मूळचे येथले नाहीत. हे दोन्ही अमेरिका खंडातून आले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी मिरची भारतात आणली. त्यापूर्वी आपल्या अन्नाला तिखटपणा मिरी देत असे. परक्या मुलखातील पीक येथल्या मातीत रुजले आणि आज तेच कोल्हापूरची ओळख होऊन बसले आहे.

घरच्या बेगमीचे मोल संकटात विशेष कळते. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला, तेव्हा पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद होता. अशा वेळी ज्यांचे घर कोरडे असते, त्यांना डब्यातील शिधा आधार देतो. पण ज्यांच्या घरात पाणी शिरते, त्यांची सारी बेगमी एका रात्रीत मातीमोल होते. जी ओल चटणीची वैरीण, तीच पुराच्या रूपाने घरात येते. त्या वेळी शेजाऱ्याने आपल्या बरणीतील वाटीभर चटणी आणि भाकरी देणे, हाच खरा शेजारधर्म होय.

आज दुकानात मसाल्याच्या पुड्या आणि शेवयांची पाकिटे सहज मिळतात. त्यामुळे अनेक घरांतील श्रम वाचले आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु त्या पाकिटामागेही कोणीतरी मिरची खुडलेली असते, कोणीतरी डंकाच्या धुळीत शिंकत उभे राहिलेले असते. अर्ध्या तासात होणारे जेवण प्रत्यक्षात अर्ध्या तासाचे कधीच नसते. पुष्कळ हातांनी आधी केलेले कष्ट त्यात साठवलेले असतात.

मामांनी रश्श्याची वाटी पुन्हा पुढे केली आणि म्हटले, "आक्का, येत्या उन्हाळ्यात शेवया करशील तेव्हा मला निरोप धाड. काठ्या बांधायला मी येईन." आक्काच्या उन्हाळ्यातील खटाटोपाला याहून गोड दाद कोणती असणार?