वजनकाट्यावर न दिसणारं

गरोदर बाई तपासणीला आली की आधी वजनकाटा. आकडा मोठा असला की साखर, रक्तदाब यांची चर्चा होते. ‘झोप लागते का, रडू येतं का?’ हे क्वचितच विचारलं जातं. खरं तर २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६२ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात गरोदरपणी नैराश्याची लक्षणं लठ्ठ स्त्रियांमध्ये सुमारे ३३ टक्के, तर सामान्य वजनाच्या स्त्रियांमध्ये २३ टक्के जणींत आढळली. घरी ‘दोन जिवांची आहेस, खा’ आणि दवाखान्यात ‘किती वाढवलंय वजन!’ अशा कात्रीत सापडलेली बाई पुढची तपासणीच टाळते. नैराश्याची चाचपणी करणाऱ्या एडिनबर्ग प्रश्नावलीत मोजके दहा प्रश्न, तेही गेल्या सात दिवसांबद्दल. वजनाआधी तीच हातात द्यावी, असं माझं मत. नैराश्याच्या गोळ्या चालू असल्यास परस्पर बंद करू नयेत. मदत हवी असल्यास टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.