गाडी मालकीची की शिरकतीची?

लोणी, धामणी, पारगाव या भागात धंद्यात थोडी बरकत आली की दारात मोटार उभी करण्याचा विचार पहिल्यांदा मनात येतो. परंतु गाडी महिन्यातून किती दिवस चालणार, हा हिशेब व्यापाऱ्याने आधी करावयास हवा.

समजा, सहा लाखांची गाडी घेतली. मंचरचा बाजार, पुण्याची घाऊक खरेदी, लग्नकार्य, दवाखाना असे मिळून ती महिन्यात आठ दिवस बाहेर पडते. उरलेले बावीस दिवस ती जागेवरच असते. पण विमा भरावाच लागतो आणि किंमतही उतरत राहते. कर्ज काढले असेल तर व्याज वेगळे, आणि ते तर आपल्याला हराम आहे. तीच रक्कम कापडात किंवा शिलाई यंत्रांत घातली तर वर्षातून अनेकदा फिरते.

वाहन वाटून वापरणे आपल्याला नवे नाही. १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली बस पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर धावली. वडापच्या जीपमध्ये आपण अनोळखी माणसाशेजारी दाटीने बसतो. तरीही चार ओळखीच्या दुकानदारांनी मिळून एक गाडी ठेवावी म्हटले की मन कचरते. एक कारण प्रतिष्ठेचे, दुसरे भांडणाच्या भीतीचे. प्रतिष्ठेचे ज्याचे त्याने पाहावे. भांडण मात्र टाळता येते.

स्वित्झर्लंडमध्ये १९८७ साली अशा सामायिक गाड्यांच्या दोन सहकारी संस्था निघाल्या. १९९७ मध्ये त्या एक होऊन ‘मोबिलिटी’ ही संस्था झाली. सभासद गाडी आधी नोंदवतो आणि जितका वेळ व जितके अंतर वापरली तितके पैसे भरतो. नियम सर्वांना सारखा, म्हणून कुरबुरीला जागा कमी.

आपल्याकडे शिरकतीत गाडी घ्यावयाची तर पुढील गोष्टी कागदावर आणाव्यात : प्रत्येकाचा हिस्सा, वापराचे दिवस, निघताना व परतताना किलोमीटरची नोंद, इंधन ज्याचे त्याने भरणे, दुरुस्तीचा सामायिक निधी, अपघात झाल्यास जबाबदारी, आणि भागीदार बाहेर पडल्यास त्याची रक्कम कशी ठरवावी. मुदतीची उधारी लिहून ठेवण्याची व साक्षीदार घेण्याची ताकीद सूरह बकरामध्ये आहे. शिरकतीतही तीच शिस्त पाळावी. भागीदारी पेढी असेल तर गाडी पेढीच्या नावावर घेता येते.

कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे भाड्याने प्रवासी नेण्यास परवाना लागतो. पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाडीत भाडे घेऊन माणसे बसवली तर दंड होतो, शिवाय अपघातात विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. ज्यांना महिन्यात दोनतीनदाच गाडी लागते त्यांनी शिरकतीतही पडू नये. परवान्याची गाडी भाड्याने घ्यावी.

बांधवांनो, खरेदीपूर्वी तीन महिने आपल्या फेऱ्या वहीत लिहा. गाडी घ्यावी की न घ्यावी, हे ती वहीच सांगेल.